चिकटवलेली विमानं

अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबा मराठी घरात कुठे सापडतील हे सांगावं लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर, जळके फ्यूज आणि संपलेले सेल ज्या खणात असतात, त्याच खणात. कपाचा कान तुटला की एका ट्यूबमधलं रेझिन आणि दुसरीतलं हार्डनर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सारखं काढायचं, काडेपेटीच्या काडीने घोटायचं आणि रात्रभर कपाला हात लावायचा नाही. २०२० साली फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटने हंट्समन कंपनीकडून अ‍ॅराल्डाइटचा भारतातला धंदा विकत घेतला. ती बातमी अर्थवृत्तांच्या पानावर आली आणि गेली. या ट्यूबांची वंशावळ मात्र त्या पानावर मावणारी नव्हती. ती मागे स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीकडे जाते. तिची एक फांदी इंग्लंडमध्ये, केंब्रिजच्या दक्षिणेला डक्सफर्ड गावात निघते. तिथे १९३०च्या दशकात काही माणसं विमानं चिकटवण्याच्या खटाटोपात होती.

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चकाकता पत्रा आणि रिव्हेटांच्या रांगा येतात. पहिली तीसेक वर्षं बहुतेक विमानं म्हणजे उत्तम सुतारकाम होतं. स्प्रूसचे वासे, अ‍ॅशच्या पट्ट्या, त्यांवर ताणून बसवलेलं लिननचं कापड आणि सांध्यांत सरस. आपल्याकडचे जुने सुतार पत्र्याच्या डब्यात गरम करून वापरत, तोच सरस: जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला. कोरड्या हवेत त्याच्यासारखा मजबूत काही नाही, पण पाणी लागलं की तो पुन्हा पातळ होतो. पावसात उभ्या राहणाऱ्या विमानाला हे परवडणारं नव्हतं. म्हणून दुधाकडे मोर्चा वळला. दूध फाडून निघालेला चोथा वाळवून दळायचा, त्यात चुना आणि सोड्याचे क्षार घालायचे, कामाच्या वेळी पाण्यात कालवायचं. हे कॅसीन. त्याच्या जोडीला कत्तलखान्यातलं रक्तही आलं. रक्तातल्या अल्ब्युमिनचा गोंद गरम दाबाखाली घट्ट होई आणि प्लायवुडला चांगला धरे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने पहिल्या महायुद्धाच्या काळात या गोंदांवर पद्धतशीर काम केलं. ते गोंद सरसापेक्षा पाण्यात जास्त टिकत. तरी शेवटी ते अन्नच. ओल राहिली की त्यांच्यावर बुरशी चढे आणि सांधा आतून खाल्ला जाई.

गोंदाच्या सांध्याची खरी अडचण बुरशीच्याही पलीकडची आहे. रिव्हेट दिसतो. सैल झाला तर हलतो, वाजतो. गोंदाचा सांधा बाहेरून चांगला आणि वाईट सारखाच दिसतो, आणि तो आतून कसा आहे हे पाहायचं तर मोडावा लागतो. या लेखातल्या साऱ्या संशोधनाची, आणि एका मोठ्या लपवाछपवीचीही, गाठ इथे आहे.

३१ मार्च १९३१ला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फोकर एफ-१० जातीचं प्रवासी विमान कोसळलं. आतले आठही जण गेले. त्यांत नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी होते. अमेरिकेत त्यांचं नाव घरोघरी पोहोचलेलं होतं, त्यामुळे देश हादरला आणि चौकशीचे धागे पंखापर्यंत गेले. पंख लाकडी, वरून प्लायवुडने बंद केलेला. आत ओल शिरून गोंदाचा जोर गेला होता, आणि आतले सांधे तपासायचे तर वरचं प्लायवुड काढण्यावाचून मार्ग नव्हता. सरकारने अशा पंखांची वारंवार तपासणी सक्तीची केली. ती इतकी खर्चिक पडू लागली की लाकडी प्रवासी विमान चालवणं कंपन्यांना परवडेना. पुढच्या चार-पाच वर्षांत बोइंग २४७ आणि डग्लसची डीसी-मालिका ही पूर्ण धातूची विमानं आली. एका न दिसणाऱ्या सांध्याने अमेरिकेतल्या लाकडी प्रवासी विमानांचा कारभार आटोपला, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

युरोपात लाकूड अजून संपलेलं नव्हतं, आणि आता रसायनशास्त्र मदतीला आलं होतं. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यापासून बेकलाइट तयार केलं. एकदा तापवून घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही, पाण्याने फुगत नाही, बुरशीला त्यात काही खायला मिळत नाही. विजेची बटणं, रेडिओची खोकी, टेलिफोन यांत ते सगळीकडे शिरलं. पण त्याच्याकडे विमानाचा माल म्हणून बघायला वेगळी नजर लागली.

ती नजर नॉर्मन डी ब्रुइन यांची. जन्म १९०४, चिलीच्या दक्षिण टोकाला पुंटा अरेनासमध्ये. वडील डच, आई इंग्रज. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले, तिथेच फेलो झाले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, रदरफर्ड यांच्या अमलाखाली, त्यांनी धातूंतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर काम केलं. असा माणूस पुढे प्राध्यापक होऊन निवृत्त होतो. हे विमान उडवायला शिकले आणि त्यांचं मन तिथेच राहिलं. १९३१मध्ये त्यांनी विमानं बांधायची कंपनी काढली. पुढे तिचंच नाव एअरो रिसर्च लिमिटेड झालं. तिचं पहिलं विमान ‘स्नार्क’ १९३४च्या डिसेंबरात उडालं. चार जणांचं, प्लायवुडचं, आणि प्लायवुडचं कातडं नुसतं झाकण म्हणून न ठेवता भाराचा वाटा उचलायला लावलेलं. हिशोब तंतोतंत होता. धंदा म्हणून मात्र स्नार्क एकच राहिलं. विमानापेक्षा ते ज्याने जोडलं जातं त्याच्यात जास्त काम बाकी आहे, हे डी ब्रुइन यांच्या तोवर ध्यानात आलं होतं.

पुढच्या काही वर्षांत डक्सफर्डहून तीन गोष्टी निघाल्या. मला विचाराल तर त्यांतली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट त्या काळी सर्वांत कमी वापरली गेली. बेकलाइटसारखं रेझिन नुसतं वापरलं तर ठिसूळ. कागद किंवा कापड घालून थर दिले तर चिवट होतं, पण विमानाला हवा तो ताठपणा येत नाही. कापडात धागे आडवे-उभे विणलेले असतात. प्रत्येक धागा वाकत-वाकत जातो आणि त्यांतले निम्मेच भाराच्या दिशेने कामाला येतात. डी ब्रुइन यांनी विणणं सोडून दिलं. जवसाच्या झाडाचे लांब धागे, म्हणजे ज्या अळशीची आपण चटणी करतो तिच्याच भाऊबंदातले, सगळे एका दिशेला सरळ मांडायचे, फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवायचे आणि गरम दाबाखाली घट्ट करायचे. या मालाचं नाव ‘गॉर्डन एअरोलाइट’. वजनाला अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण निम्मा, धाग्याच्या दिशेने ओढला तर वजनाच्या मानाने धातूच्या तोडीचा. ताठपणात मात्र तो धातूच्या मागे राही. जानेवारी १९३७मध्ये रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे डी ब्रुइन यांनी विमानबांधणीतल्या प्लास्टिकवर निबंध वाचला. अमुक माल किती भाराला तुटतो एवढंच विचारू नका, त्याचा ताठपणा त्याच्या वजनाशी ताडून पाहा, हा त्यातला आग्रह. युद्ध सुरू झाल्यावर अ‍ॅल्युमिनियमची टंचाई येईल या भीतीने १९४०मध्ये या जवसाच्या मालातून स्पिटफायरची प्रायोगिक कायाही तयार झाली. टंचाई तशी आली नाही आणि ती काया बाजूला पडली. जवसाच्या जागी पुढे काच आली आणि १९६३च्या सुमारास फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत मजबूत कार्बनचे धागे. आज बोइंग ७८७च्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग अशा धागा-रेझिन मालाचा असतो. धागे सरळ मांडा, ही डक्सफर्डची कल्पना तिथपर्यंत तशीच गेली आहे.

दुसरी गोष्ट एप्रिल १९३७ची, ‘एअरोलाइट’ नावाचा गोंद. युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइड यांचा. गोंद लाकडाच्या एका तोंडाला लावायचा, फॉर्मिक आम्लाचं हार्डनर दुसऱ्या तोंडाला, आणि दोन्ही जुळवून दाबायचं. भट्टी लागत नाही. पण हा गोंद थर जाड झाला की आकसतो आणि त्यात केसासारख्या चिरा पडतात. म्हणजे दोन्ही लाकडं एकमेकांना अगदी भिडायला हवीत. प्रयोगशाळेत ती भिडतात. हाय वायकमच्या फर्निचर कारखान्यात, युद्धाच्या घाईत, नव्याने कामावर आलेल्या माणसाच्या हाती ती भिडतीलच असं नाही. म्हणून फट राहिली तरी चिरा न पडता ती भरून काढणारा गोंद तयार करणं हे डक्सफर्डचं मोठं काम ठरलं. जोडीला दुसरी युक्ती. सांध्यावर धातूची पातळ पट्टी ठेवून तिच्यातून कमी दाबाची वीज सोडायची. पट्टी तापते आणि तासांचं काम मिनिटांत होतं.

हा गोंद ज्याच्या पोटात गेला ते विमान मॉस्किटो. डी हॅव्हिलंड कंपनीचं, पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. बर्च प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये इक्वेडोरहून आणलेलं हलकं बाल्सा लाकूड. काया उभी चिरलेल्या दोन अर्ध्यांमध्ये साच्यावर घडवायची, आतल्या तारा-नळ्या उघड्यावरच बसवायच्या, मग दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटवायची. लढाईत अ‍ॅल्युमिनियमवर ताण होता आणि पत्र्याचे कारागीर दुर्मीळ, पण पियानो, गाड्या आणि कपाटं करणारे सुतार मोकळे होते. त्यांच्या हातून सात हजार सातशेहून जास्त मॉस्किटो बाहेर पडली. सुरुवातीची कॅसीनवर, नंतरची रेझिनच्या गोंदांवर.

जर्मनीने तशाच घाटाचं विमान करायचं ठरवलं, तेव्हा गोंदाची किंमत वेगळ्या रीतीने कळली. फोके-वुल्फचं टीए १५४ हे ‘टेगो’ नावाच्या फिनॉल-रेझिनच्या पातळ फिल्मवर बेतलेलं होतं. प्लायच्या थरांमध्ये ती फिल्म घालून गरम दाब द्यायचा. वुपरटालमधला फिल्मचा कारखाना ब्रिटिश बॉम्बफेकीत गेला. बदली गोंद आम्लाने लाकूडच खाऊ लागला. जून १९४४मध्ये टीए १५४ विमानं पडली आणि कार्यक्रम गुंडाळला गेला. १० डिसेंबर १९४४ला हाइंकेलच्या एचई १६२ या लाकडी पंखांच्या जेटचं प्रात्यक्षिक चाललं होतं. अधिकारी खाली उभे राहून बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पंखाचे भाग सुटले आणि वैमानिक गेला. कारण तेच, गोंद.

तिसरी गोष्ट धातूची. लाकडाला गोंद धरतो कारण लाकूड सच्छिद्र असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत पत्र्याला तो का धरावा? हा प्रश्न डी ब्रुइन यांनी पदार्थविज्ञानाच्या अंगाने सोडवला. द्रव पृष्ठभागावर पसरतो की थेंब होऊन बसतो, याच्याशी चिकटण्याचा संबंध आहे. विद्युतध्रुवी रेणूंच्या पृष्ठभागाला ध्रुवी रेणूंचाच गोंद हवा. एकावर एक ठेवून जोडलेल्या दोन पट्ट्या ओढल्या तर भार सांध्यावर सारखा वाटला जात नाही. दोन्ही टोकांवर तो एकवटतो आणि मधला भाग जवळजवळ मोकळा राहतो. म्हणून सांधा दुप्पट लांब केला तर दुप्पट मजबूत होत नाही. टोकांवर सोलण्याचा जोर येतो आणि ठिसूळ गोंद तिथूनच उकलायला लागतो. गोंद नुसता कडक असून भागत नाही, त्याला थोडं देता यायला हवं.

१९४१मध्ये याला उत्तर मिळालं, ‘रीडक्स’. पत्रा आधी क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवून धुवायचा, म्हणजे त्यावर गोंदाला धरता येईल असा ऑक्साइडचा थर येतो. मग पातळ फिनॉल-रेझिनचा हात मारायचा. त्यावर पॉलिव्हिनिल फॉर्मल या प्लास्टिकची पूड भुरभुरायची, राहिलेली झटकून टाकायची आणि गरम दाबाखाली ठेवायचं. फिनॉल कडकपणा देतं, पूड चिवटपणा. पहिला वापर विमानात झालाच नाही. क्रॉमवेल आणि चर्चिल रणगाड्यांच्या क्लच प्लेटा त्याने चिकटवल्या गेल्या. विमानात तो आला डी हॅव्हिलंडच्या हॉर्नेटमध्ये, लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम जोडायला, १९४४मध्ये. मग डव्ह, आणि १९४९मध्ये जगातलं पहिलं प्रवासी जेट, कॉमेट. कॉमेट १९५४मध्ये एल्बाजवळ आणि नेपल्सजवळ हवेत फुटली, तेव्हा गोंदाकडे बोट जाणं सोपं होतं. तपास वेगळ्या ठिकाणी पोहोचला. एल्बाच्या विमानात छपरावरच्या अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्याशी, बोल्टसाठी पाडलेल्या भोकापासून, धातू थकून चीर सुरू झाली होती. भोक पाडलं की ताण तिथे गोळा होतो. भोक न पाडता जोडता येणं हा तर गोंदाचा मोठा गुण. रीडक्स नावाचे गोंद आजही डक्सफर्डलाच, हेक्सेल कंपनीत बनतात. एअरो रिसर्च १९४०च्या दशकाच्या अखेरीस सीबाने घेतली. याच सीबाने १९४६पासून इपॉक्सी रेझिन अ‍ॅराल्डाइट या नावाने बाजारात आणलं, आणि डक्सफर्ड हे त्या कामाचं इंग्लंडमधलं ठाणं झालं.

आता पुन्हा १९४४, आणि आपल्या देशात. मॉस्किटो ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी पूर्व भारतात आली होती. नोव्हेंबरात काही विमानं उडता-उडता मोडून पडली. पंखाचं वरचं प्लायवुड आतल्या कण्यापासून, म्हणजे स्पारपासून, उचकटलं होतं. पहिला संशय साहजिकच गोंदावर: कॅसीन उकाड्यात आणि मॉन्सूनमध्ये तडकलं. चौकशीला आलेल्या पथकाचे प्रमुख होते मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड. आडनाव ओळखीचं वाटलं ना? विमान बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक सर जेफ्री यांचे ते भाऊ. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी अहवाल दिला. गोंद खराब झालेला नाही. मॉन्सूनमध्ये विमानाचं लाकूड हललं, आकसलं, त्याने सांधे उकलले. थोडक्यात, इथली हवा वाईट.

यात अर्धं खरं होतं. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. कोकणातलं दार आषाढात चौकटीत अडतं ते रुंदीला, उंचीला नाही. प्लायवुड आणि स्पार यांचे धागे वेगळ्या दिशांना असतील, तर ओल येता-जाता सांध्यावर सतत ओढ बसते. ती ओढ नीट सांध्याने सोसायला हवी. इथल्या सांध्यांनी ती का सोसली नाही, हा पुढचा प्रश्न. मेजरसाहेबांच्या अहवालात त्याचं उत्तर नाही.

उत्तर इंग्लंडमध्ये मिळालं. विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने डेफर्डच्या तळावर मॉस्किटो तपासली. सहा वेगवेगळ्या मार्कांमध्ये, म्हणजे उपप्रकारांमध्ये, तसेच दोष सापडले. ही सारी विमानं हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन या डी हॅव्हिलंडच्याच कारखान्यांतली. त्यांतल्या एकानेही मॉन्सून पाहिलेला नव्हता, की वाळवी. चिकटवण्याच्या कामाचा दर्जा फार खाली गेला होता, असा निष्कर्ष निघाला. तरीही हवाई मंत्रालय ‘प्रामुख्याने हवामान’ याच कारणावर अडून राहिलं, कारण वैमानिकांचा मॉस्किटोवरचा विश्वास डळमळू द्यायचा नव्हता. दुरुस्ती म्हणून पंखाच्या वरच्या सांध्यावर लांबच लांब प्लायवुडची पट्टी मारली गेली. पाणी आत जाऊ नये म्हणून पट्टी ठीकच होती. पण तिने सांधा मात्र पुन्हा झाकला गेला.

युद्धकाळात उत्पादन थांबवता येत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्या रसायनाच्या मागे डक्सफर्डने आठ-दहा वर्षं घालवली, ते शेवटी कारखान्यातल्या स्वच्छ लाकडावर, योग्य दाबावर आणि वेळेवर अवलंबून होतं, आणि ते तिथे सांभाळलं गेलं नाही. दोष आसाम-बंगालच्या पावसाच्या माथी मारणं सोपं गेलं. पाऊस खुलासा मागायला लंडनला जाणार नव्हता.

भारताने या हवेवर नंतर आपला अभिप्राय दिला, तो कागदावर नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली होती. कोल्हापूरकडचे आणि गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले विष्णू माधव घाटगे तिथे आले. त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१मध्ये उडालं, पूर्ण धातूचं. पण त्याच आवारात परवान्याखाली डी हॅव्हिलंडची व्हँपायर जेट विमानंही बांधली जात होती. व्हँपायरचे पंख धातूचे, मात्र वैमानिक बसतो तो पुढचा डबा मॉस्किटोच्याच पद्धतीचा, प्लायवुड-बाल्सा-प्लायवुड, चिकटवलेला. हवाई दलात पहिली व्हँपायर नोव्हेंबर १९४८मध्ये आली. छांबच्या रणांगणावर १ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी चार व्हँपायर पडली, ती पाकिस्तानी सेबर विमानं आणि जमिनीवरच्या माऱ्यापुढे, आणि त्यानंतर त्यांना आघाडीवरून मागे घेतलं गेलं. मेजर हेरवर्ड यांच्या अहवालाने ज्या हवेला आरोपी केलं होतं, त्या हवेत लाकडी नाकाची ही जेट विमानं तोवर सतरा पावसाळे उभी होती.